बिनतोड युक्तिवाद

एखाद्याने आपला पक्ष मांडला आणि त्यास उत्तर सुचेनासे झाले, म्हणजे आपण म्हणतो, ‘मुद्दा बिनतोड आहे.’ ह्या एका शब्दात आपण दोन अगदी भिन्न गोष्टी एकत्र बांधून टाकतो. बोलणाराने जी विधाने गृहीत धरली त्यांतून त्याचा निष्कर्ष खरोखरच निघतो, ही एक गोष्ट. आणि तो निष्कर्ष खरा असून मान्य करणे आपणांस प्राप्त आहे, ही दुसरी. पहिली सिद्ध झाली की दुसरी आपोआप सिद्ध झाली, असे पुष्कळ सुशिक्षित माणसेही समजून चालतात. ह्या समजुतीपायी कधी ती खोट्या निष्कर्षापुढे मान तुकवितात, तर कधी निष्कर्ष नकोसा वाटला म्हणून निर्दोष तर्कासच सदोष ठरवू पाहतात. युक्तिवादाची परीक्षा करणारे शास्त्र आपणांस नेमके काय सांगते आणि कोठे ते मौन धरते, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे. प्रश्न वरवर पाहता पाठशाळेतला दिसतो. परंतु त्यावर माणसांचे अधिकार व मान कसे अवलंबून असतात, हे करवीरच्या इतिहासातील एका प्रसिद्ध प्रकरणावरून दाखविता येईल.

प्रथम ह्या परीक्षेची रीत पाहू. उदाहरण घरचेच घ्यावे. पावसाळ्यात कोल्हापूरकरांचे सारे लक्ष राजाराम बंधाऱ्यावरील पाण्याच्या पातळीकडे असते. तेथे 39 फूट ही इशाऱ्याची आणि 43 फूट ही धोक्याची पातळी मानलेली आहे. अशा दिवसांत कोणी म्हणतो : ‘राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, तर पंचगंगेची पातळी चढते, पातळी चढली आहे, म्हणून दरवाजे उघडलेले असले पाहिजेत.’ ऐकणारास हे पटते, कारण दरवाजे उघडल्याची बातमी पुष्कळदा खरीही ठरते. तथापि निष्कर्ष खरा ठरणे निराळे आणि तो त्या दोन विधानांतून निघणे निराळे. राधानगरीचे धरण भोगावतीवर आहे. पंचगंगेस कासारी, कुंभी आणि तुळशी ह्यांचेही पाणी मिळते. ह्या नद्यांच्या खोऱ्यांत धुवाधार पाऊस झाला आणि राधानगरीचे सातही दरवाजे मिटलेले राहिले, तरी बंधाऱ्यावरील पाणी चढू शकेल.

आधुनिक तर्कशास्त्र हीच शंका हिशेबाने तपासते. ‘दरवाजे उघडले’ आणि ‘पातळी चढली’ अशी दोन विधाने आहेत. प्रत्येक विधान खरे तरी असेल किंवा खोटे तरी. म्हणजे दोहोंचे मिळून चार प्रकार संभवतात. दोन्ही खरी, पहिले खरे व दुसरे खोटे, पहिले खोटे व दुसरे खरे, आणि दोन्ही खोटी. ‘जर-तर’ अशा रूपाचे विधान ह्या शास्त्रात एकाच प्रकारी खोटे धरतात : ‘जर’चा भाग खरा असून ‘तर’चा खोटा निघाला तर. आता चारी ओळी क्रमाने पाहाव्यात आणि एवढेच विचारावे, की जीत आधाराची सर्व विधाने खरी आहेत पण निष्कर्ष मात्र खोटा आहे, अशी एखादी तरी ओळ सापडते काय? वरील उदाहरणात तिसरी ओळ तशीच आहे : दरवाजे मिटलेले, पाणी मात्र चढलेले. अशी एक ओळ सापडली की युक्तिवाद अयुक्त ठरला. ह्याच्या उलट कोणी ‘पातळी चढलेली नाही, म्हणून दरवाजे उघडलेले नाहीत’ असे म्हटले, तर चारी ओळी धुंडाळूनही तसा अपवाद सापडत नाही. हा युक्तिवाद युक्त होय. येथे नदी, धरण, पाऊस ह्यांपैकी कशाचेही ज्ञान लागले नाही. त्या विधानांच्या जागी ‘क’ आणि ‘ख’ ही अक्षरे ठेवली असती तरी निकाल हाच लागला असता. युक्तता ही आकाराची आहे, आशयाची नव्हे.

ही दृष्टी एका दिवसात आलेली नाही. आपल्याकडे न्यायसूत्रांनी प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशी पाच अवयवांची मांडणी घालून दिली आणि सदोष हेतूंचे, म्हणजे हेत्वाभासांचे, वर्गीकरण केले. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने युक्तिवादांचे आकार वेगळे काढले. जॉर्ज बूल ह्या इंग्रज गणितज्ञाने 1847 व 1854 च्या ग्रंथांत विचारास बीजगणिताचे रूप दिले. जर्मनीत फ्रेगे ह्याने 1879 मध्ये ‘सर्व’ आणि ‘काही’ ह्या शब्दांसही चिन्हांत बसविले. आणि वर वर्णिलेली सत्यताकोष्टके 1921 मध्ये पोस्ट व विट्गेन्श्टाइन ह्यांच्या लेखनातून रूढ झाली. आज महाराष्ट्रात अकरावी-बारावीस तर्कशास्त्र घेणारा विद्यार्थी ती वहीत मांडतो. अर्थात विधाने वाढली की ओळी दुपटीने वाढतात : तीन विधानांस 8, दहांस 1,024 आणि वीस विधानांस दहा लाखांहून अधिक. म्हणून एक जवळचा मार्ग काढलेला आहे. आधार खरे पण निष्कर्ष खोटा असे धरून चालावे. चालता चालता विसंगती आली तर युक्तिवाद युक्त, न आली तर अयुक्त. आमचे नैयायिक ज्यास ‘तर्क’ म्हणत, त्याची जात हीच : अग्नी नसता तर धूरही नसता. ह्या रीतीसही सीमा आहे. ‘सर्व’ आणि ‘काही’ ह्यांची गुंतागुंत कितीही वाढली तरी प्रत्येक वेळी निकाल देईल अशी यांत्रिक रीत असूच शकत नाही, हे चर्च आणि ट्युरिंग ह्या दोघांनी 1936 मध्ये सिद्ध केले. परंतु आम्हांस ज्या सीमेविषयी बोलावयाचे आहे, ती ह्याहून साधी असून आपल्या रोजच्या आयुष्याशी अधिक निगडित आहे.

आता ते करवीरचे प्रकरण. 1899 च्या कार्तिकात शाहू छत्रपती पंचगंगेवर स्नानास जात असत. त्यांच्याबरोबर असलेल्या राजारामशास्त्री भागवतांच्या ध्यानात आले, की उपाध्याय जे मंत्र म्हणत आहेत ते वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत. विचारणा झाली तेव्हा शूद्रांस पुराणोक्तच मंत्र सांगावयाचे असतात, अशा आशयाचे उत्तर मिळाले. पुढे राजवाड्यातील विधी वेदोक्त करण्यास राजोपाध्यांनी नकार दिला; 1902 मध्ये त्यांची इनामे जप्त झाली; वरिष्ठ इंग्रज सरकारकडे केलेली अपिले फेटाळली गेली; आणि साऱ्या महाराष्ट्रात वर्षानुवर्षे हा वाद धुमसत राहिला. ह्या वादातील राग, अपमान आणि राजकारण क्षणभर बाजूस ठेवून, नकार देणाऱ्या पक्षाचा युक्तिवाद तेवढा स्वच्छ मांडून पाहू.

तो असा. पहिले विधान : जो शूद्र आहे, त्यास वेदोक्ताचा अधिकार नाही. दुसरे : कलियुगात क्षत्रिय व वैश्य उरले नसल्यामुळे जो ब्राह्मण नाही तो शूद्रच होय. तिसरे : छत्रपती ब्राह्मण नाहीत. निष्कर्ष : छत्रपतींस वेदोक्ताचा अधिकार नाही. वर सांगितलेल्या जवळच्या मार्गाने ह्याची परीक्षा करावी. निष्कर्ष खोटा धरा, म्हणजे अधिकार आहे असे धरा. मग पहिले विधान खरे राहावयाचे तर छत्रपती शूद्र नाहीत असे मानावे लागेल. ते शूद्र नसतील, तर दुसरे विधान खरे राहावयास ते ब्राह्मण असले पाहिजेत. परंतु ते ब्राह्मण नाहीत, हे तिसरे विधान. विसंगती आली. म्हणजे युक्तिवाद युक्त आहे. आकाराच्या दृष्टीने त्यात तिळमात्र दोष नाही. जुन्या अर्थाने तो बिनतोड आहे.

येथे पुष्कळ वाचक अस्वस्थ होतील, आणि ती अस्वस्थता योग्यच आहे. एका माणसास त्याच्या जन्मावरून हीन ठरविणारा युक्तिवाद निर्दोष कसा असू शकेल? ह्याचे उत्तर असे, की निर्दोष आहे तो सांधा. ज्या वस्तू सांधल्या त्यांविषयी परीक्षा काहीही बोललेली नाही. तीन आधार आणि एक निष्कर्ष ह्यांची अशी मोट बांधली गेली आहे, की तिघांस घरात घेऊन चौथ्यास उंबऱ्याबाहेर ठेवता येणार नाही, एवढेच तिने सांगितले. परंतु हीच मोट उलट बाजूनेही ओढता येते. निष्कर्ष ज्यास अमान्य आहे, त्याने आधारांपैकी एक तरी सोडलाच पाहिजे. युक्त युक्तिवाद मनुष्यास निष्कर्षाकडे ढकलतो असे आपण समजतो. वास्तविक तो मनुष्यास निवडीपुढे उभा करतो. कोणते विधान सोडावयाचे, ही ती निवड. आणि तेथून पुढचे क्षेत्र तर्काचे नसून नीतीचे आहे.

छत्रपती ब्राह्मण नाहीत, हे तिसरे विधान कोणी नाकारीत नव्हते. राहिले दोन दरवाजे. दुसरे विधान नाकारणे हा एक : कलियुगातही क्षत्रिय आहेत आणि छत्रपतींचे घराणे त्यांपैकी आहे. ह्या बाजूस बळकट पुरावा होता. 6 जून 1674 रोजी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक गागाभट्टांनी केला आणि त्यापूर्वी महाराजांची मुंजही झाली. ह्यावर विरोधी पक्ष म्हणे, की मूळ क्षत्रिय असले तरी संस्कार लोपल्यामुळे ते शूद्रवत् झाले. ह्या उत्तराचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. वेदोक्त संस्कार का देता येत नाहीत? कारण ते शूद्र आहेत. ते शूद्र कशावरून? कारण वेदोक्त संस्कार झालेले नाहीत! आमच्या नैयायिकांनी ह्यास अन्योन्याश्रय म्हटले असते आणि असला हेतू साध्यसम, म्हणजे साध्याइतकाच स्वतः सिद्ध व्हावयाचा राहिलेला, म्हणून फेटाळला असता. नवल असे, की चिन्हांकित तर्कशास्त्राच्या कोष्टकात हे वर्तुळ सुखेनैव उत्तीर्ण होते. ‘अ खरे आहे, म्हणून अ खरे आहे’ ह्यात आधार खरा व निष्कर्ष खोटा अशी ओळ कोठून सापडणार? नव्या शास्त्राने आकार आणि आशय ह्यांची फारकत करून अतुल नेमकेपणा मिळविला. परंतु हेतू स्वतः सिद्ध आहे काय, हा जुन्या शास्त्राचा प्रश्न त्याने परीक्षेबाहेर ठेवला. तो विचारणे आता सर्वस्वी आपल्याकडे आले आहे. गागाभट्टांनी 1674 मध्ये हे वर्तुळ आधी संस्कार करूनच तोडले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे सव्वादोनशे वर्षांनी ते पुन्हा जोडणाऱ्यांची कोटी किती लटकी होती हे दिसून येईल.

दुसरा दरवाजा पहिले विधान नाकारण्याचा. शूद्र म्हणून जन्मलेल्यास अधिकार नाही, हेच मुळी का मानावे? 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यास जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला तो ह्याच प्रश्नावर. मध्यस्थ पुरोहिताचीच गरज नाही, असे त्याचे म्हणणे. वेद सर्वांसाठी आहेत असे म्हणणारा आर्य समाज हेच विधान निराळ्या दिशेने नाकारीत होता. कोल्हापुरात 1911 मध्ये भास्करराव जाधवांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधक समाज उभा राहिला आणि 1919 मध्ये राजाराम कॉलेज महाराजांनी आर्य समाजाकडे चालवावयास दिले.

आता ह्या दोन दरवाजांतील भेद पाहावा. तर्काच्या दृष्टीने भेद नाही. कोणताही एक आधार गेला की निष्कर्ष निराधार होतो. आणि ‘सर्व’ असे म्हणणारे विधान पाडावयास कोठेही एकच अपवाद पुरतो. परंतु अपवाद दाखविताना आपण जे कारण देतो, त्यावर त्या नकाराची व्याप्ती ठरते. ‘आमचे कूळ क्षत्रियाचे आहे, म्हणून आम्ही शूद्र नव्हे’ असे म्हणणारा स्वतः सुटतो. पण सुटताना पहिल्या विधानास हात लावीत नाही, किंबहुना त्यास दुजोराच देतो. जो खरोखर शूद्र ठरेल त्यास अधिकार नाही, हे त्याने मान्य केले. त्याच्या मागे उभा असलेला कुणबी, चांभार, महार जेथल्या तेथे राहतो. ‘अधिकार जन्मावर अवलंबून नाही’ असे म्हणणारा मात्र स्वतःबरोबर त्या सर्वांस सोडवितो. एकच निष्कर्ष टाळण्याचे हे दोन मार्ग. एकाने एक घराणे मोकळे होते, दुसऱ्याने मनुष्यमात्र.

शाहू महाराजांच्या चरित्राचे मर्म ह्या भेदात आहे असे आम्हांस वाटते. त्यांनी आरंभ केला तो पहिल्या दरवाजाने, आणि तो त्यांनी शेवटपर्यंत बंदही केला नाही. 1920 मध्ये क्षात्रजगद्गुरूंचे पीठ स्थापन झाले ते त्याच वाटेवर. तथापि त्यांची पावले दिवसेंदिवस दुसऱ्याकडे अधिक वळली. 26 जुलै 1902 च्या हुकुमाने राज्यातील रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी शेकडा 50 मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले. आणि 21 व 22 मार्च 1920 रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली, तेव्हा तरुण डॉ. आंबेडकर अध्यक्ष असलेल्या त्या मंडपात महाराज स्वतः गेले. ह्यांपैकी एकाही कृत्यास क्षत्रियत्वाची वंशावळ उपयोगी पडणारी नव्हती. त्यांस आधार एकच असू शकतो : जन्मावरून अधिकार मोजणारे ते पहिले विधानच खोटे आहे.

ह्यावर कोणी आक्षेप घेईल, की मग तर्कशास्त्राने केले काय? निवड जर शेवटी मनाने व नीतीनेच करावयाची, तर कोष्टके मांडण्याचा खटाटोप कशास? ह्यास आमचे उत्तर असे. परीक्षा केल्यावाचून आपणांपुढे निवड आहे हेच कळत नाही. ज्यास निष्कर्ष आवडत नाही तो आरडाओरडा करतो, बोलणाराच्या हेतूवर शिंतोडे उडवितो, किंवा सांध्यात नसलेला दोष शोधीत बसतो. आणि तेवढ्या वेळात खरा अपराधी आधार सुखरूप घरी जातो. सांधा निर्दोष आहे हे एकदा ठरले, म्हणजे सारे लक्ष आधारांवर केंद्रित करावेच लागते. उलट, सांधाच निखळलेला असेल तर उगीच आधारांवर भांडत बसण्याचे कारण राहत नाही. शिवाय किंमत कळते. पहिले विधान सोडले, की त्यावर उभे असलेले आणखी किती निष्कर्ष कोसळतील आणि त्यांत आपल्या स्वतःच्या सोयीचे किती आहेत, ह्याचा हिशेब दिसतो. आम्हांस तर वाटते, पुष्कळ सज्जन माणसे पहिल्या दरवाजाशीच थबकतात ती ह्या हिशेबामुळेच.

दुसरा आक्षेप ह्याहून खोल आहे. माणसे मते धरतात ती तर्काने नव्हे. पंगतीत, परंपरेत, स्वार्थात ती घडतात. शाहू महाराजांसही बदलविले असेल ते नदीकाठच्या अपमानाने आणि प्रजेच्या हालअपेष्टांनी, कोष्टकाने नव्हे. हे आम्ही मान्य करतो. परंतु अपमान झालेल्या सर्वांचीच दृष्टी विस्तारत नाही. पुष्कळांस आपला अपमान तेवढा अन्याय वाटतो आणि दुसऱ्याचा तो शास्त्रार्थ. अपमान मनुष्यास जागा करतो. पण ‘ज्या कारणाने मी सुटू पाहतो, ते कारण माझ्या शेजाऱ्यासही सोडविते काय?’ हा प्रश्न विचारावयास भावनेपेक्षा काही अधिक लागते. आपलेच विधान सर्वांस सारखे लावून पाहणे, ह्या सवयीचे नाव विवेक. आणि ‘सर्व’ व ‘काही’ ह्यांचा हिशेब ठेवणारे शास्त्र ह्या सवयीस वळण लावते.

हा प्रसंग केवळ राजवाड्यातच येतो असे नव्हे. मध्यमवर्गीय घरात मुलगी जातीबाहेर लग्न करू म्हणते. वडील म्हणतात : ‘घराण्याच्या रीतीबाहेर जावयाचे नाही, हे लग्न रीतीबाहेरचे आहे, म्हणून ते करावयाचे नाही.’ युक्तिवाद युक्त आहे. मुलगी हुशार असेल तर जुनी कागदपत्रे धुंडाळील आणि आजोबांच्या चुलतभावाने असेच लग्न केले होते असे दाखवून देईल. दुसरे विधान पडले, वडील निरुत्तर झाले, लग्न झाले. परंतु ‘रीतीबाहेर जावयाचे नाही’ हा नियम भिंतीवर तसाच टांगलेला राहिला, आणि तीन वर्षांनी धाकट्या भावाने वडिलोपार्जित धंदा सोडून चित्रकार व्हावयाचे मनात आणले तेव्हा तो पुन्हा खाली उतरला. त्याच्यासाठी कागदपत्रांत चुलतभाऊ सापडला नाही. बहिणीने पहिल्या विधानाशी सामना दिला असता, तर तिचा स्वतःचा मार्ग कदाचित अधिक खडतर झाला असता. पण भावाचा सोपा झाला असता.

आज लाखो ओळींची कोष्टके संगणक निमिषार्धात तपासतात. सांधा पक्का की कच्चा, हे विचारावयास आता पंडिताकडे जावयास नको. म्हणूनच उरलेला प्रश्न अधिक उघडा पडला आहे. यंत्र सांगेल : हे चार एकत्र राहू शकत नाहीत, एक सोडा. कोणता सोडावा ते यंत्र सांगणार नाही. आणि बहुधा आपला हात सोडण्यास सर्वांत स्वस्त असेल त्याच विधानाकडे जाईल, ज्याच्या जाण्याने आपली अडचण दूर होते आणि बाकी सारे जेथल्या तेथे राहते. अशा वेळी क्षणभर हात आवरून मागे कोण उभे आहे ते पाहावे. आपणांस नको असलेला निष्कर्ष ज्या विधानातून निघाला, त्याच विधानाखाली आणखी कितीजण दबलेले आहेत, हे मोजल्यावाचून त्या युक्तिवादाची परीक्षा पुरी झाली असे आम्ही समजत नाही.